वर्गापासून हौद्यापर्यंत

कोल्हापूरच्या भवानी मंडपात उभे आहात ना? मग जागा सोडू नका, फक्त वर्षं मागं टाकत चला. आधी रिक्षा आणि पर्यटकांच्या गाड्या जातील. मग विजेच्या तारा उतरतील. भाऊसिंगजी रस्त्याचं नाव पुसलं जाईल, कारण ज्याच्या नावानं तो ओळखला जातो तो भावनगरचा राजकुमार अजून जन्माला यायचा आहे. शेवटी तुमच्या डोळ्यांदेखत मेन राजाराम हायस्कूलची दगडी इमारतही दिसेनाशी होईल. आता तुम्ही १८५५ सालात आहात.

गावात इंग्रजी शाळा सुरू होऊन चार वर्षं झालीत. अजून तिला स्वतःची भव्य इमारत नाही, आणि राजारामांचं नावही नाही. पोरांना मराठी वाचता-लिहिता येतं, मोडीवर हात बसलेला आहे, आणि त्यावर आता इंग्रजी चढवलं जातंय. वर्गात डोकावलात तर मागच्या बाजूला तेरा वर्षांचा एक थोराड, अबोल मुलगा बसलेला दिसेल. बापाची नोकरी कोल्हापूर दरबारात. नाव महादेव गोविंद रानडे. पुढच्याच वर्षी तो मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये जाईल आणि पुढं मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ती होईल.

हा मुलगा खेळतो काय? त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. सोंगट्या खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून त्यानं घरातल्या खांबाशीच डाव मांडला. उजव्या हातानं खांबाचं दान टाकलं, डाव्या हातानं स्वतःचं. खांब जिंकला, तेव्हा हरल्याचं त्यानं मोकळेपणानं कबूल केलं. ही गोष्ट त्याच्या सचोटीसाठी सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण तुम्ही त्या काळात उभे आहात, तर दुसरंही काही पाहून घ्या. शिकणाऱ्या घरातला मुलगा खेळतो तो ओसरीवर, बसून, एकटा.

बाहेर या. पहाट अजून पुरती उजाडलेली नाही आणि पेठेतल्या तालमीतून शड्डूचा आवाज येतोय. दार बुटकं आहे, वाकूनच आत शिरा. हौद्यातली लाल माती ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली. पोरं जोर मारतायत, बैठका काढतायत. एकजण तुमच्याकडं बघून विचारतो, "काय पाव्हणं, कुनाकडनं आलासा?" तुम्ही त्याला शाळेबद्दल विचारता, तेव्हा तो हसतो. शाळा बामनाच्या पोरांची, असं त्याच्या घरात सगळे म्हणतात. ज्याच्या हातात पाटी त्याच्या अंगाला माती नाही, आणि ज्याच्या अंगाला माती त्याच्या हातात पाटी नाही, अशी या गावाची त्या वेळची वाटणी आहे. शाळेपासून तालमीपर्यंत चालत जायला कितीसा वेळ लागतो? पण हे अंतर तोडायला कोल्हापूरला जवळजवळ शंभर वर्षं लागणार आहेत. आपण तेवढंच बघायला निघालो आहोत.

*

१८८१ मध्ये या. इमारत उभी आहे. तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० ला, इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचं नाव या शाळेला मिळालं, आणि १८८० मध्ये सुरू झालेल्या कॉलेजलाही. वर्गात आता इंग्रजीचा अंमल आहे. मराठी आहे, पण ती घरची म्हणून गृहीत धरलेली.

बाकावर पंधरा वर्षांचा गोपाळ कृष्ण गोखले बसलाय. या वर्षी तो मॅट्रिक होईल. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. थोरल्या भावानं, गोविंदरावानं, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो दरमहा धाकट्याला पाठवतो. त्या आठ रुपयांत खाणं, राहणं, फी, पुस्तकं. गोपाळ इंग्रजी उतारेच्या उतारे तोंडपाठ म्हणतो. त्याला बघून अभिमान वाटतो, आणि पोटात कालवतंही. पुढं अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच हा माणूस जाणार आहे, मधुमेह आणि अतिश्रमानं. विष्णुशास्त्री चिपळूणकर तर एकतिसाव्या वर्षी, पुढच्याच साली जातील. ज्या पिढीनं महाराष्ट्राला विचार करायला शिकवलं, त्या पिढीला शरीराकडं लक्ष द्यायला शाळेनं शिकवलं नव्हतं. टिळकांना ते आपलं आपण कळलं, म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला दिलं. शाळेच्या वेळापत्रकात मात्र त्याला जागा नव्हती.

*

आता थोडं लांब जायचंय, काठेवाडात. १८८६ साल, राजकोटचं राजकुमार कॉलेज. संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेली ही शाळा. प्राचार्य चेस्टर मॅकनॉटन इंग्लंडच्या पब्लिक स्कूलची रीत घेऊन आलेत. सकाळी घोडेस्वारी, दुपारी वर्ग, संध्याकाळी मैदान. मैदान चुकवलं तर तो वर्ग चुकवल्याइतकाच गुन्हा. क्रिकेटच्या जाळीत एक सडपातळ पोरगा बॅट फिरवतोय, नवानगरचा रणजितसिंह. भावनगरचा भावसिंहजी आहे, ज्याच्या नावाचा रस्ता तुम्ही मघाशी पुसलात. आणि त्यांच्यात बारा वर्षांचा, थोराड बांध्याचा एक मुलगा आहे, दोन वर्षांपूर्वी कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेला. घरी त्याचं नाव यशवंतराव होतं. आता शाहू.

इथं तो चार वर्षं काढेल, पुढं धारवाडला फ्रेझर साहेबाच्या हाताखाली शिकेल आणि २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हाती घेईल. राजकोटहून तो दोन गोष्टी घेऊन निघतो. इंग्रजी ही एक. दुसरी अशी, की घाम गाळणं हा शिक्षणाचाच भाग असू शकतो. पण मॅकनॉटनच्या शाळेत हे फक्त राजपुत्रांना मिळत होतं. शाहूंनी ते ज्यांना द्यायचं ठरवलं, त्यांची नावं राजकुमार कॉलेजच्या पटावर कधीच आली नसती.

*

१९१२. कोल्हापुरात परत या आणि थेट खासबागेत चला. मैदान नुकतंच बांधून झालंय. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी केलेल्या इंग्लंडच्या प्रवासात शाहू महाराजांनी रोममधलं प्राचीन क्रीडागृह पाहिलं, आणि तसं मैदान आपल्या गावात हवं असं मनावर घेतलं. मधोमध हौदा, चौफेर चढत जाणारी बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. हलगी कडाडतेय. उत्तरेतले नावाजलेले मल्ल इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन समोरासमोर आहेत. तुमच्या शेजारी पटकेवाला शेतकरी आहे, पुढं दरबारातला कारकून, मागं विडी ओढणारा हमाल. खडाखडी सुरू होते आणि हजारोंचा श्वास एकदम थांबतो.

कुस्ती बघा मनसोक्त. पण या लेखाच्या दृष्टीनं महत्त्वाची घटना या मैदानात घडत नाही. ती गावातल्या वसतिगृहांत, पत्र्याच्या ट्रंका आणि पोह्यांच्या पिशव्या घेऊन, गाजावाजा न होता चाललीय. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढं लिंगायत, मुसलमान, शिंपी, सोनार, एकेका समाजाचं. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. भुदरगड, शिरोळ, राधानगरीच्या खेड्यांतून कुळवाड्याची पोरं इथं येऊन राहतात आणि राजाराम हायस्कूलच्या वर्गात बसतात. त्यांना इंग्रजी उच्चार जमत नाहीत, पण शंभर जोर एका दमात मारता येतात. पहाटे ती तालमीत असतात, अकराला शाळेत.

हे मला फार मोलाचं वाटतं. शाळेत खेळ आला तो वरून आलेल्या परिपत्रकानं आला असता, तर फी भरून कवायत एवढंच त्याचं रूप राहिलं असतं. कोल्हापुरात तो मुलांच्या अंगावरून आला, कानामागं राहिलेल्या लाल मातीसकट. शाळेची दारं उघडली ती ज्यांच्यासाठी, त्यांनी आपली तालीम सोबत आणली.

१९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. १९१९ मध्ये आणखी एक हुकूम निघतो: अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी मुलं एकाच शाळेत. त्याच वर्षी महाराज राजाराम कॉलेज आणि हायस्कूल आर्य समाजाच्या हाती सोपवतात. ६ मे १९२२ ला महाराज जातात, सत्तेचाळिसाव्या वर्षी. जवळजवळ गोखल्यांच्याच वयाचे.

*

पुढची पंचवीस वर्षं आपण भराभर ओलांडू, फक्त कॉलेजच्या व्हरांड्यातून एक फेरी मारून. शिवचरित्र इंग्रजीत लिहिणारे इतिहासकार डॉ. बाळकृष्ण प्राचार्य आहेत. फारसीच्या वर्गात माधव ज्यूलियन शिकवतायत, आणि एका वर्गातून तत्त्वज्ञानावरचं ना. सी. फडक्यांचं व्याख्यान ऐकू येतंय. दोन भाषा इथं आता एकमेकींना दबकून नाहीत. इंग्रजीत शिकवून मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहिणारे प्राध्यापक मुलांना रोज समोर दिसतात. बाहेर १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिलीय. पेठापेठांच्या तालमी कुस्तीबरोबर फुटबॉलचेही संघ उतरवू लागल्यात. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची चुरस तेव्हापासूनची. तिकडं मुंबई इलाख्यात खेर सरकारनं १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. व्यायामशिक्षक हा आता शिकून होण्याचा पेशा झालाय.

*

१९४८. इथं जरा सावकाश फिरा.

राजाराम कॉलेजचे वार्षिक खेळ जवळ आलेत. नावं लिहून घेतली जातायत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक विद्यार्थी रांगेत उभा आहे. बाप दादासाहेब पैलवान, कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून मॅट्रिक होऊन तो इथं आलाय. अंगानं किरकोळ. क्रीडाशिक्षक त्याच्याकडं वरखाली बघतात आणि नाव घेत नाहीत. मुलगा निमूट परत जात नाही, प्राचार्यांच्या खोलीकडं वळतो. थोड्या वेळानं परवानगी घेऊनच बाहेर येतो.

मग तुम्ही गर्दीत उभे राहून पाहता, तो आपल्यापेक्षा वजनदार गड्यांना एकापाठोपाठ एक आसमान दाखवतो. ताकदीचा देखावा नाही. समोरच्याच्या जोराला वाट करून द्यायची आणि नेमक्या क्षणी ढाक मारायची. बाबूराव बलावडे आणि बेळापुरी गुरुजी यांच्या हाताखाली तयार झालेलं हे अंग. "कोन रं ह्यो?" तुमच्या शेजारचा विचारतो. खाशाबा दादासाहेब जाधव. मित्रांसाठी के. डी.

त्याच उन्हाळ्यात तो लंडनच्या ऑलिंपिकला जातो. खर्च कोल्हापूरचे छत्रपती उचलतात. अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये तुम्ही वरच्या बाकावर बसा. खाली मॅट अंथरलंय. खाशाबाचं आयुष्य मातीत गेलेलं. मातीत पाय रोवता येतो, घाम मातीनं पुसता येतो, निकाली होईतो कुस्ती चालते. मॅटवर पायाला पकड वेगळी, घड्याळ चालू, आणि गुण देणारे पंच. रीस गार्डनर नावाचा अमेरिकन प्रशिक्षक त्याला तिथंच नवे नियम आणि नवे डाव समजावून देतो. फ्लायवेट गटात खाशाबा सहावा येतो. पहिल्याच मॅटवर, जगात सहावा! परतल्यावर तो आणखी घाम गाळतो आणि वजनगट बदलतो.

याच वर्षाचा डिसेंबर चुकवू नका. पुण्याला रणजी सामना चाललाय, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. कोल्हापूरचा भाऊसाहेब निंबाळकर खेळपट्टीवर आहे आणि बाद होण्याचं नाव नाही. पंधराव्या वर्षी कोल्हापुरात शाळेच्या संघाचा कप्तान असलेला हा मुलगा आता ४४३ वर नाबाद आहे. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम अवघ्या काही फटक्यांवर. उपाहारासाठी सगळे आत जातात आणि काठेवाडचा संघ पुन्हा मैदानात उतरतच नाही. सामना सोडून दिला जातो. स्वतः ब्रॅडमननं नंतर या खेळीचं कौतुक केलं. तरी निंबाळकर भारतासाठी एकही कसोटी खेळले नाहीत, याचं दुःख कोल्हापूरला अजून आहे आणि असायलाच हवं.

*

१९५२. हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी खाशाबाची निवड झालीय, पण तिकडं जायला पैसे नाहीत. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालंय, म्हणजे खर्च उचलणारा दरबार उरलेला नाही. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांत वर्गणी गोळा होते. तरी रक्कम पुरत नाही.

आणि मग राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आपलं राहतं घर गहाण टाकतात. सात हजार रुपये.

इथं थांबा आणि हा आकडा मनाशी नीट धरा. ज्या शाळेनं शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी शिकवण्यापलीकडं शरीराचा विचारच केला नव्हता, त्या परंपरेतला एक प्राचार्य एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी डोक्यावरचं छप्पर पणाला लावतोय. शिष्यवृत्तीसाठी नाही, विलायतेच्या पदवीसाठी नाही, कुस्तीसाठी! १८५५ मध्ये तालमीतला तो पोरगा हसला होता. त्याला हे सांगितलं असतंत तर त्यानं विश्वास ठेवला नसता.

जुलै महिना, हेलसिंकीचं मेस्सुहाल्ली. खाशाबा आता बँटमवेटमध्ये, ५७ किलोला. कॅनडाचा पॉलिकिन पडतो. मेक्सिकोचा बासुर्तो पडतो. जर्मनीचा श्मिट्झही. मग जपानचा शोहाची इशी, जो सुवर्ण घेऊन जाणार आहे. ती लढत लांबते, खाशाबाचं अंग पिळून निघतं आणि ती तो हरतो. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम आहे. पण लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामादबेयोवशी लढायला त्याला पुकारलं जातं. नियमावर बोट ठेवून तक्रार करायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथं हजर नाही. थकलेला गडी मॅटवर उतरतो आणि हरतो.

तुम्हाला उठून ओरडावंसं वाटेल. ओरडून उपयोग नाही, तुम्ही चुकीच्या काळातले आहात.

२३ जुलै १९५२. गळ्यात कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत के. डी. माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, त्यांचं नाव याच दमात घ्यायला हवं. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागतील. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर रायफलीत कांस्य जिंकेल. तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा.

कऱ्हाड स्टेशनवर उतरा. १५१ बैलगाड्या सजवून उभ्या आहेत. घुंगरं, गुलाल, ढोल, लेझीम. स्टेशनपासून गोळेश्वरचा रस्ता एरवी थोड्या वेळाचा, आज तो तासन् तास सरत नाही. बाया दारात पंचारती घेऊन थांबल्यात. एक म्हातारा पदक हातात घेऊन उलटंपालटं करून बघतो आणि विचारतो, सोन्याचं हाय का? कुणीतरी नाही म्हणतं. त्यावर तो ठणकावतो, "मग काय झालं? आनलं तर खरं."

सत्कार संपतो, हार सुकतात. खाशाबाच्या डोक्यात मात्र सात हजार रुपये आहेत. नोकरी नाही, पोलीस खात्यात फौजदार म्हणून तो लागेल ते १९५५ मध्ये. आजच्या पैलवानांना मिळणारी सरकारी बक्षिसं, पेट्रोलपंप, बढत्या यांतलं काही त्याच्या वाट्याला आलेलं नाही. अर्जुन पुरस्कारही मिळेल तो १९८४ मधल्या अपघाती मृत्यूनंतर, नव्या शतकात. तेव्हा पैसे फेडायचे कसे? त्याला येतं तेच करून.

तो कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवतो. तिकीट काढून आत जा. हौदा भिजवून सारखा केलाय, हलगीवाला हात गरम करून घेतोय. कॉलेजची पोरं एका बाजूला दाटीवाटीनं बसलीत, वह्या पोटाशी धरून. दुसऱ्या बाजूला पेठांतल्या तालमींचे वस्ताद, मांडीवर हात ठेवून. जोडी लागते आणि दोन्ही बाजू एकदम उठतात. खाशाबा लढतो, जिंकतो, पुन्हा लढतो. गल्ल्यावर जमलेली रक्कम तो खर्डेकरांकडं सुपूर्द करतो, आणि त्यांचं घर गहाणातून सुटतं.